ठमीची छावणी

मिस्त्रींनी आयुष्यात कधी कुणाची माफी मागितली नव्हती. चूक झालीच तर ते ती दुरुस्त करून टाकायचे, आणि दुरुस्त केली की विषय संपला. पंपाच्या धंद्यात हे चालून जातं. बंद पडलेला पंप वर काढला, सुरू केला, पाणी आलं, की काल कुणी काय उलटं बसवलं होतं याची चौकशी कुणी करत नाही. घरात मात्र हे चालत नाही. मिस्त्रींच्या घरात गेली सहा वर्षं ते चाललेलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी नन झाली. घरात तिला ठमी म्हणत. नर्सिंग शिकून ती मिशनच्या दवाखान्यात नोकरीला लागली, तिथल्या सिस्टरांच्यात रमली आणि चार वर्षांनी घरी येऊन शांतपणे सांगती झाली की मी धर्म बदलते आहे आणि व्रतही घेते आहे. मिस्त्री स्वतः काही देवभोळे नव्हते. घरातले देव बायकोच्या ताब्यात असत, आणि मिस्त्री त्यांच्या वाटेला जात नसत. पण ही गोष्ट त्यांच्या वर्मी लागली. पोरीला फूस लावली, मिशनवाल्यांनी पोर गिळली, असं ते दुकानात, पारावर, गिऱ्हाइकांच्या विहिरींवर ज्याला त्याला सांगत सुटले. व्रताच्या सोहळ्याला बायको एकटी गेली. येताना फोटो घेऊन आली आणि तो कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. दर रविवारी मायलेकी फोनवर बोलत, तेव्हा मिस्त्री दुसऱ्या खोलीत जाऊन एखादी मोटर उघडून बसत.

मग वरच्या अंगाचं धरण फुटलं. सात गावं एका दुपारीत वाहून गेली आणि वाचलेले चार हजार लोक एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात आणून ठेवले गेले. ठमीला मिशनने दोन सिस्टरांबरोबर तिथे पाठवलं. महिन्याभरात छावणीत हगवणीची साथ पसरली. आठ दिवस ठमीचा फोन आला नाही. मिस्त्रींच्या बायकोच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, नाहीतर ती कधीच निघाली असती. तिने नवऱ्याला समोर बसवलं.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "डोळ्यांनी बघून या. आणि जमलं तर घेऊनच या."

मिस्त्रींनी नाही म्हटलं नाही. कपड्यांची एक पिशवी घेतली आणि दुसऱ्या खांद्यावर हत्यारांची. ती नसली की त्यांना खांदा उघडा पडल्यासारखा वाटे.

गिरणीच्या फाटकातून आत शिरल्यावर त्यांना पहिला आला तो वास, फिनेल आणि चिखल यांचा मिळून. फाटकाला लागूनच मशिदीच्या कमिटीचं मोठं स्वयंपाकघर होतं. पातेली अशी, की आत माणूस उभा राहून घासत होता. कमिटीचे प्रमुख हाजीसाहेब. भंगार लोखंडाचे व्यापारी, थोराड बांध्याचे, आवाज असा की लाउडस्पीकर शेजारी ठेवला तर तोच लाजावा. पाण्याचे टँकरही त्यांचेच. पलीकडच्या कताई खात्यात पाच बौद्ध भिक्खू मुलांना सांभाळत. अंगावर वस्त्र गुंडाळून सकाळी संडास धुवायचे आणि दुपारी त्याच शांत चेहऱ्याने पाढे शिकवायचे. वडील भिक्खूंना सगळे भन्ते म्हणत. आणि अगदी टोकाला, जिथे पूर्वी कापसाच्या गासड्यांचं वजन होई त्या काट्याच्या खोलीत, सिस्टरांचा दवाखाना.

ठमी एका म्हाताऱ्या बाईच्या हाताला सलाइनची सुई लावत होती. राखी झगा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पायात रबरी बूट, गळ्यात क्रूस. वाळली होती. तिने मान वर केली, बापाला पाहिलं, क्षणभर तिचा हात थांबला, मग तिने सुई नीट बसवली, वर चिकटपट्टी लावली आणि म्हणाली, "बाबा, आधी हात धुवा."

सहा वर्षांनी लेकीच्या तोंडून आलेलं हे पहिलं वाक्य. मिस्त्रींनी गाडीत बसून काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. ते सगळं बाजूला ठेवून ते मुकाट्याने हात धुवायला गेले. तिथली एक सिस्टर तांब्या घेऊन उभी होती. तिने अर्धाच तांब्या ओतला आणि ओशाळून सांगितलं की प्रत्येकाला एवढंच. टँकर दिवसाला दोन येतात, तेही लांबून. लोक तहानेने गिरणीच्या जुन्या हौदातलं पाणी पितात, आणि साथ आटोक्यात येत नाही ती त्यामुळे. गिरणीची बोअर आहे, पण तिचा पंप बंद आहे. दोन मेकॅनिक येऊन, वरूनच मीटर लावून, मोटर जळाली म्हणून सांगून गेले.

वरूनच, हा शब्द मिस्त्रींच्या कानात खडा पडावा तसा पडला. पण ते पंप बघायला आले नव्हते. त्यांनी ठमीला गाठून आईचा निरोप सांगितला. रांग संपली की बोलू, असं ती म्हणाली. मिस्त्री वजनकाट्याच्या लोखंडी फळीवर बसून रांग संपायची वाट बघू लागले. रांग काही संपली नाही. बसल्या बसल्या त्यांना दिसलं ते एवढंच की प्रत्येक माणसाशी ठमी पहिल्यांदाच भेटल्यासारखी बोलत होती, आणि एका म्हाताऱ्याने औषध थुंकून टाकल्यावर तिने त्याला असं काही झापलं की तो निमूट दुसऱ्यांदा प्याला. झापण्याची तऱ्हा मिस्त्रींच्या ओळखीची होती. आरशातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिशनच्या मुख्यालयातून ट्रक आला. बरोबर तिथले संचालक, एक फोटोवाला आणि टोप्या घातलेले चार स्वयंसेवक. ट्रकमध्ये मीठ-साखरेची अकरा हजार पाकिटं होती. हगवणीच्या माणसाला पाण्यात कालवून देतात ती. छावणीत त्यांचाच तुटवडा होता, म्हणून सिस्टरांनी हात जोडून आभार मानले. ठमी आत एका बाळंतिणीजवळ अडकली होती. ती बाहेर येईपर्यंत स्वयंसेवकांनी उत्साहाने फाटकाशीच तीनेकशे पाकिटं वाटून टाकली होती. प्रत्येक पाकिटाला एक छोटी पुस्तिका पिनने टोचलेली होती. तारणाचा मार्ग कोणता, ते त्यात सांगितलेलं.

बातमी पसरायला तासही लागला नाही. पसरता पसरता ती वाढली. पावडर प्यायली की धर्म बदलतो, असं आधी कुणीतरी म्हणालं. मग नावं लिहून घेतात असं झालं. आणि दुपारपर्यंत, नंतर मुलं उचलून नेतात इथवर ती पोचली. कमिटीची तरुण मंडळी भडकली. दवाखान्यात बाकावर बसलेले लोक एक एक करून उठले. एक बाई आपल्या मुलीच्या हातातली सुई स्वतः उपटून तिला काखोटीला मारून चालती झाली. काट्याच्या खोलीबाहेर पन्नास माणसांची रांग असायची, तिथे बारा वाजता एक कुत्रं झोपलं होतं.

मिस्त्री हे सगळं बघत होते. खरं सांगायचं तर मनातून त्यांना थोडं बरंही वाटलं. मी सहा वर्षं हेच सांगत होतो, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात ठमी संचालकांना घेऊन आत आली. दार लोटलं, पण ते दार गिरणीच्या काळापासून नीट लागत नव्हतं, आणि मिस्त्री फळीवर बसल्या जागी सगळं ऐकत होते. सगळ्या पुस्तिका काढल्याशिवाय एकही पाकीट बाहेर जाणार नाही, असं ती म्हणाली. संचालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजुतीने सांगितलं की या पुस्तिका समुद्रापलीकडच्या म्हाताऱ्या बायकांनी चर्चच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने टोचल्या आहेत. त्यामागे फक्त प्रेम आहे. ठमी म्हणाली, त्या आज्यांना मी स्वतः पत्र लिहीन.

"सिस्टर," संचालक म्हणाले, "तुम्हीसुद्धा याच वाटेने आलात ना? तुम्हाला कुणीतरी दाखवली म्हणूनच ना?"

ठमीचा आवाज आला, हळू पण एकेक शब्द सुटा.

"मी आले तेव्हा धडधाकट होते, साहेब. पोट भरलेलं होतं. घर होतं, आईबाप होते, नोकरी होती. मला ‘नाही’ म्हणता येत होतं. चार वर्षं मी नाहीच म्हणत होते. मग हो म्हटलं, ते माझं मी म्हटलं. या लोकांना आज ‘नाही’ म्हणता येत नाही. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’ला देव तरी काय करेल?"

मिस्त्री फळीवर तसेच बसून राहिले. हातातला चहा निवला. चार वर्षं नाही म्हणत होती, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं. मोटर जळाली म्हणून वरूनच सांगणाऱ्या त्या दोन मेकॅनिकांपेक्षा आपण काय वेगळं केलं, असा विचार त्यांच्या डोक्यात आला आणि तो काही केल्या जाईना.

आत संचालक सांगत होते की आपल्याला हे वर कळवावं लागेल आणि पुढची मदत थांबूही शकते. ठमी म्हणाली, जरूर कळवा, खाली माझी सही घ्या. तोवर ही अकरा हजार आहेत. आणि दार उघडून ती बाहेर आली.

पुढचे तीन तास काट्याच्या खोलीत नुसत्या पिना निघत होत्या. दोघी सिस्टर, दोन भिक्खू, आणि ज्यांनी आतली खाट सोडली नव्हती अशा, बऱ्या होत आलेल्या चार म्हाताऱ्या. मिस्त्रींनी पिशवीतून वाइंडिंगची नाजूक पक्कड काढली. त्या पकडीने त्यांनी आजवर कितीतरी मोटरींच्या केसासारख्या तारा ओढल्या होत्या. आता तिने ते पिना उपटू लागले, आणि कागद फाटला की स्वतःवरच चरफडू लागले. भन्ते सुटलेल्या पुस्तिकांचे गठ्ठे करून कोरड्या खोक्यांत रचत होते. एक पुस्तिका खाली पडली तेव्हा त्यांनी ती उचलून अंगावरच्या वस्त्राने पुसली. कुणाचं का असेना, पुस्तक चिखलात नको, एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने संचालकही कोट काढून खाली बसले. मिस्त्रींनी त्यांच्याकडे दुसरी पक्कड सरकवली.

चार वाजता ठमीने हात धुतले, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि हाजीसाहेबांच्या तंबूकडे निघाली. मिस्त्री न सांगता मागे गेले. तंबूत पंचवीस-तीस माणसं होती आणि सगळी तापलेली. बसा असं तिला कुणी म्हणालं नाही. ठमीने ओळखलं की इथे कुणी पहिला शब्द काढण्याआधी आपणच बोललेलं बरं.

"चूक आमच्या घरची आहे," ती म्हणाली. "आजारी माणसाच्या औषधाला आम्ही पुस्तक जोडायला नको होतं. तुम्हाला राग आला तो बरोबर आहे. मी माफी मागते."

ती त्या वेळी बाळंतिणीजवळ होती. पाकिटं तिने मागवली नव्हती, टोचली नव्हती, वाटली नव्हती. इतरांनी केलं, मला माहीत नव्हतं, असं एक वाक्य ती सहज म्हणू शकली असती, आणि ते खरंही होतं. ते तिने म्हटलं नाही. तीस माणसांसमोर ती ताठ उभी राहून माफी मागत होती आणि तिची मान जराही खाली नव्हती. माफी अशीही मागता येते, हे त्यांना साठीला आल्यावर लेकीकडून कळत होतं. छाती भरून आली, आणि त्याच वेळी लाजही वाटली. दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांना कुठे बघावं ते सुचेना.

एका तरुणाने काहीतरी टोचून बोलायला तोंड उघडलं. हाजीसाहेबांनी हात वर केला. मग त्या तरुणालाच विचारलं की मागच्या शेडमधल्या लोकांपर्यंत आपलं जेवण पोचतं तेव्हा पातेल्याने तळ का गाठलेला असतो. मागच्या शेडमधले लोक कमिटीच्या धर्माचे नव्हते. मला माहीत होतं, हाजीसाहेब म्हणाले, आज विचारतो आहे, कारण या मुलीने मला विचारायला लावलं. उद्यापासून वाढायला सुरुवात मागच्या शेडपासून होईल.

मग त्यांनी ठमीला विचारलं, "तुम्हाला आमच्याकडून काय हवं?"

"लोक माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील. तुम्ही सगळ्यांसमोर एक ग्लास प्यावा."

"त्यात साखर असते ना? मला डायबेटीस आहे, सिस्टर."

"मग दोन घोट."

"माझ्या बायकोला तुम्ही सांगायचं," हाजीसाहेब म्हणाले आणि चप्पल पायात सरकवून उठले.

ठमीने छावणीच्या मधल्या चौकात एका बादलीत पावडर कालवली. हाजीसाहेबांनी दोन घोट घेतले आणि आपल्या त्या आवाजात जाहीर केलं की चव वाईट आहे, धर्म आहे तिथेच आहे, आणि ज्याच्या घरात आजारी मूल आहे त्याने आत्ताच्या आत्ता रांगेत उभं राहावं. भन्ते दोन ग्लास प्यायले, कारण त्यांना खरोखरच तहान लागली होती. लोक हसले. सकाळी सुई उपटून गेलेली बाई मुलीला घेऊन सगळ्यांत आधी पुढे आली. पोरीचे डोळे खोल गेले होते, मान टाकली होती. ठमीने तिला जवळ घेतलं आणि चमच्या-चमच्याने पाजत अंधार पडेपर्यंत तिथेच मांडी घालून बसली. पहिले चार चमचे उलटले. पाचवा राहिला. उजाडल्यावर पोरगी खायला मागत होती.

पाकिटांनी माणूस तगतो, पण हौदाचं पाणी चालू होतं तोवर साथ हटणार नव्हती. सकाळी मिस्त्रींनी ठमीला सांगितलं की मी बोअर उघडणार आहे, माणसं दे. आईच्या निरोपाची गोष्ट त्यांनी काढली नाही.

दोनशे चाळीस फूट बोअर. वीस-वीस फुटांचे बारा लोखंडी पाइप एकाखाली एक, आणि सगळ्यांत खाली मोटर. ते ओढायचं म्हणजे वर तीन खांबांचं उंच तिकाटणं हवं, त्याला साखळीची कप्पी हवी आणि खेचायला दहा-पंधरा माणसं हवीत. तिकाटण्याला गिरणीचे मोडके खांब मिळाले. कप्पी हाजीसाहेबांनी आपल्या भंगारातून आणवली. भंगारातली असली तरी दोन टन उचलते, असं त्यांनी तीन वेळा सांगितलं. साखळीला कमिटीची तीच तरुण मंडळी लागली, त्यांच्या जोडीला वस्त्रं खोचलेले भिक्खू, आणि पान्यावर संचालक. त्यांचा ट्रक आदल्या दिवशीच परत गेला होता. ते का थांबले, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मिस्त्री बोअरच्या तोंडाशी उकिडवे बसले. आता तिथे एकच देव होता, आणि तो म्हणजे मिस्त्रींचा शब्द. ओढ म्हटलं की ओढायचं, थांब म्हटलं की श्वाससुद्धा थांबवायचा. एक पाइप वर आला की खालच्याला लोखंडी पकड आवळायची, वरचा फिरवून सोडवायचा, बाजूला निजवायचा, पुन्हा ओढायचं. मधे कुठे सुटलं की उरलेलं सगळं बोअरमध्ये जाऊन बसतं आणि मग ते कुणाच्या बापाला निघत नाही.

सातव्या पाइपाला साखळी कडी सोडून सर्रकन घसरली. वीतभरच, पण मिस्त्रींच्या काळजाचं पाणी झालं. पलीकडे आदल्या दिवशी तंबूत तोंड उघडलेला तो तरुण आणि एक भिक्खू, दोघे साखळीला लोंबकळून राहिले होते. तळहात सोलले, पण सोडलं नाही. मिस्त्रींनी पकड आवळली, कपाळ पुसलं आणि सगळ्यांना पाच मिनिटं बसायला सांगितलं. ठमीने येऊन दोघांच्या हातांना मलम लावलं. आधी कुणाला, यावरून तिथे दोघांचं आधी तुम्ही, आधी तुम्ही सुरू झालं, तेव्हा तिने दोघांचे हात एकाच वेळी धरले आणि काम संपवलं.

दुपारी मोटर वर आली. चिखलाने माखलेली, वजनदार. मिस्त्रींनी ती पुसली, कान लावला, हाताने दांडा फिरवला. गोल फिरला. मीटर लावलं. मोटर ठणठणीत होती. खराब झाला होता तो मोटरीवरचा तारांचा जोड. त्यात पाणी शिरलं होतं, एवढंच. जोड कापून नवा करायचा होता. तार दोन्ही बाजूंनी धरायला कुणीतरी हवं होतं. ठमी समोर येऊन बसली. लहानपणी दुकानात ती अशीच बसून तारा धरायची, आणि आताही तिने कुठे दाबून धरायचं ते विचारलं नाही.

मिस्त्री रबरी टेप ओढून ओढून गुंडाळत होते. वर न बघता म्हणाले, "ठमे, तुला फसवलं, तुला फूस लावली, असं मी सहा वर्षं लोकांना सांगत फिरलो."

"माहीत आहे. आई सांगायची."

"तुला विचारलं नाही कधी."

"नाही विचारलंत."

"चुकलो मी."

ठमीने तार आणखी घट्ट धरली.

"टेप संपत आली, बाबा," ती थोड्या वेळाने म्हणाली. "दुसरं रीळ देऊ?"

"दे," मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास बटण दाबलं. आधी नुसती हवा आली, मग तांबडा चिखल, मग गढूळ धार, आणि दहा-बारा मिनिटांनी नितळ पाणी. मनगटाएवढी धार. लोक भांडी घेऊन धावले. ठमी नळाच्या पुढे आडवी उभी राहिली आणि टाकीत औषध पडून अर्धा तास झाल्याशिवाय एक थेंबही मिळणार नाही म्हणाली. मिस्त्री ओंजळ करून वाकले होते. ती म्हणाली, तुम्हीसुद्धा. मिस्त्री ओंजळ सोडून रांगेत जाऊन उभे राहिले. पुढे हाजीसाहेब होते. त्यांनी मागे वळून विचारलं की ही नक्की कुणावर गेली आहे. मिस्त्रींनी सांगितलं, आईवर, पण चेहऱ्यावरचं समाधान त्यांना लपवता आलं नाही.

तीन दिवस म्हणून आलेले मिस्त्री बावीस दिवस राहिले. दोन हातपंप दुरुस्त केले, नळाची लाइन मागच्या शेडपर्यंत नेली, कमिटीच्या त्या तरुणाला पंपाची देखभाल शिकवली. दुसऱ्या आठवड्यात दवाखान्यातल्या खाटा रिकाम्या होऊ लागल्या. मुख्यालयातून पत्र आलं की पुढची पाकिटं कोरी येतील. ते वाचून ठमीने रात्रीच्या जेवणाला दुसऱ्यांदा भात घेतला. आज्यांना तिने चार पानी पत्र लिहिलं. त्यात प्रत्येकीच्या हाताचे आभार मानले होते, आणि पिना काढणाऱ्या माणसांचीही सगळी हकिकत होती. कुणीच रागावू नये असं ते पत्र होतं. पुढे काही महिन्यांनी उत्तरादाखल त्यांनी लहान मुलांच्या विणलेल्या टोप्यांचं एक खोकं पाठवलं. आत टोप्यांशिवाय काही नव्हतं.

निघायच्या दिवशी सरकारी अधिकारी छावणीत आले होते. कुणी काय मदत केली याची यादी करत होते. पाण्याच्या पंपाशी येऊन त्यांनी मिस्त्रींना विचारलं की आपण कोणत्या संस्थेकडून.

"सिस्टरचा बाप," मिस्त्रींनी सांगितलं.

अधिकाऱ्यांनी सांगितलं की ते नातं झालं, या रकान्यात संस्थेचं नाव लागतं. मिस्त्री म्हणाले की मग रकाना मोकळा सोडा, पण लिहायचंच असेल तर हेच लिहा. अधिकाऱ्यांनी जरा विचार केला आणि तसंच लिहून टाकलं.

फाटकापाशी येऊन मिस्त्रींनी बायकोला फोन लावला. तिने पहिला प्रश्न तोच विचारला, घेऊन येताय ना.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "तिला इथून हलवलं तर चार हजार माणसं माझ्या अंगावर येतील. तुझा गुडघा बरा झाला की तुला घेऊन येतो. तू बघायलाच हवंस. अगं, काय काम करते ती. काय उभी राहते."

पलीकडे बायकोने नाक ओढलं आणि विचारलं की तिकडे थंडी कितपत आहे, लोकर घ्यायची आहे.

ठमी निरोप द्यायला फाटकापर्यंत आली नाही. काट्याच्या खोलीबाहेर मोठी रांग होती आणि ती एका मुलाच्या छातीला नळी लावून ऐकत होती. ऐकता ऐकताच तिने मोकळा हात वर केला. मिस्त्रींनीही केला. रांगेतली एक म्हातारी त्यांच्याकडे बघून विचारत होती की हे कोण. शेजारणीने तिला सांगितलं, आणि म्हातारीने मिस्त्रींना वरपासून खालपर्यंत असं काही न्याहाळलं की मिस्त्री सदऱ्याची कॉलर नीट करून, ताठ चालत, फाटकाबाहेर पडले.